मोहित्यांचे चारशे पंचवीस ग्रॅम

दिगंबर मोहिते चालायचे तेव्हा त्यांचं उजवं कोपर अंगापासून चार बोटं लांब असायचं. डावा हात इतर माणसांचा असतो तसा हलायचा, उजवा मात्र काखेत गळू झाल्यागत बाजूला. शर्ट कायम बाहेर. जूनच्या उन्हात, अबू धाबीलगतच्या मुसफ्फातल्या आमच्या लोखंडकामाच्या फॅब्रिकेशन यार्डात, जिथे माणसं घामाने नुसती निथळत असतात, तिथेही हा माणूस आत बनियन, वर शर्ट, त्यावर कंपनीचं जाकीट घालून फिरायचा. नवा आलेला प्रत्येकजण मला हळूच विचारायचा, "मॅडम, यांच्या खांद्याला काही झालंय का?" मी म्हणायची, "खांद्याला नाही, डोक्याला झालंय."

मला असं बोलायचा हक्क होता. दिवसभर एका ऑफिसात, सकाळ-संध्याकाळ एका बसमध्ये, आणि मोहम्मद बिन झायद सिटीत एकाच व्हिलाचे तुकडे पाडून केलेल्या दोन घरांत, मध्ये एक जिप्समची भिंत. मोहित्यांची शिंकसुद्धा मला चुकली नाही. मी डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कागदांना नंबर देणारी बाई. ते क्वालिटी इन्स्पेक्टर, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढणारा माणूस. मूळचे सातारा जिल्ह्यातले. खिशात जाडी मोजायचं व्हर्नियर कॅलिपर, कानामागे खडू, तोंडात एकच वाक्य: "मोजल्याबिगर बोलू नका." आमच्याकडे जेवायला आले तरी पुरी बोटांत धरून जाडी बघायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "पास का फेल ते सांगा आणि खा."

आणि या माणसाला रिव्हॉल्व्हर घ्यायचं होतं.

एखाद्याला घर घ्यायचं असतं, सोनं घ्यायचं असतं. मोहित्यांना कमरेला लपेल असं छोटं, हलकं रिव्हॉल्व्हर हवं होतं. इथे नव्हे हो! इथे साधी एअरगन बाळगायची म्हटली तरी खलास. ते त्यांनाही माहीत होतं. कायमचं गावी परत जायचं तेव्हासाठी. लायसन काढायचं, रिव्हॉल्व्हर घ्यायचं आणि मग गावात पाय ठेवायचा, असा क्रम ठरलेला. अडचण एवढीच, की कुठलं घ्यायचं ते ठरत नव्हतं. मी कंपनीत लागले तेव्हा हा विचार चालू होऊन सात वर्षं झाली होती. पुढची सात मी डोळ्यांनी पाहिली.

बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर बसून ते मला शिकवायचे. मी न विचारता. "ताई, हलकं घेतलं तर दिवसभर कमरंला जाणवत न्हाई, पण उडवताना हाताला झटका जास्त. जड घेतलं तर झटका कमी, पण प्यांट खाली. आता बोला!" मी काय बोलणार? सहा गोळ्यांचं घेतलं की रिव्हॉल्व्हरचं पोट जाड होतं आणि शर्टावरून फुगवटा दिसतो, म्हणून पाच गोळ्यांचं. नळी दोन इंचाची, म्हणजे बसताना मांडीत रुतत नाही. बोअर, म्हणजे नळीचं भोक, बत्तीसच, कारण आपल्याकडे साध्या माणसाला अडतीसचं लायसन मिळत नाही. आणि मागचा घोडा बाहेर आलेला नको, काढताना शर्टात अडकतो. "मानसं घोडा अडकून मरत्यात, ताई," ते गंभीरपणे सांगायचे. किती माणसं अशी मेली ते मी विचारलं नाही. आम्ही बाकीचे दिरहमचे रुपये करायचो, मोहिते औंसांचे ग्रॅम करायचे.

बरं, राहतो कुठे आपण? अबू धाबीत. इथे माझी पर्स मी एकदा मॉलमधल्या बाकावर विसरले, चार तासांनी गेले तर तिथेच, उलट कुणीतरी सावलीत सरकवून ठेवलेली. मोहिते स्वतः किल्ली गाडीलाच ठेवून पाव आणायला उतरायचे. माझी लेक सायली तेव्हा आठवीत होती. तिने एकदा पुरी खाताखाता सरळ विचारलं, "बट अंकल, हू इज गोइंग टू अटॅक यू?"

मोहित्यांनी पुरी खाली ठेवली. "तसं न्हाई बाळ," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला उठले. प्रश्न अगदी साधा होता, पण तो इतक्या वर्षांत मला सुचला नव्हता, कारण मी आपली हसण्यात गुंतलेली.

खरी गंमत पुढेच आहे. आमच्या धंद्यात साधा बोल्ट घ्यायचा म्हटलं तरी सबमिटल करावं लागतं. तीन कंपन्यांचे बोल्ट, त्यांचा तुलना-तक्ता, नमुना, हे सगळं फाइलला लावून क्लायंटकडे पाठवायचं. क्लायंट शिक्का मारतो. ए म्हणजे मंजूर. बी म्हणजे शेरा मारून मंजूर. सी म्हणजे दुरुस्त करून पुन्हा आणा. सी आला की माणसं महिनाभर एकमेकांची तोंडं बघत नाहीत. तर या मोहित्यांनी रिव्हॉल्व्हरचं सबमिटल तयार केलं! रीतसर. तीन पर्याय, वजन, लांबी, जाडी, धातू, शेरा. क्लायंटच्या रकान्यात नाव: सौ. शालन दिगंबर मोहिते. माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, नंबर द्या." मी हसून हसून खुर्चीतून पडायची राहिले, पण नंबर दिला.

शालन वहिनी कमी बोलणारी बाई. पण कागद आला तसा त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, माझ्याकडून लाल पेन मागून घेतलं आणि शिक्क्याच्या जागी मोठा सी काढला. खाली शेरा: "गावी जाण्याची तारीख नमूद नाही. परत सादर करा."

त्या एका ओळीत वहिनींचं सगळं गाऱ्हाणं होतं. गावी त्यांनी घर बांधून ठेवलं होतं. खालीवर चार खोल्या, पुढे तुळस, मागे पेरूचं झाड. वहिनींनी इथून पडदे शिवून नेले होते, तिथे लावले होते आणि कुलूप घालून परत आल्या होत्या. ते पडदे आता न बघताच विटत होते. त्यांची आई तिथून दोन कोसांवर, एकटी, ऐकू येत नाही, फोनवर नुसतं "बरं, बरं" म्हणणारी. वहिनींना जायचं होतं. गुडघे धड आहेत तोवर, आई आहे तोवर. नवरा मात्र म्हणायचा, "जाऊ की. चॉइस फायनल होऊ दे." पोरगा कॅनडात, त्याचं काही अडत नव्हतं. अडलं होतं ते पाच गोळ्यांवर.

दर वर्षी नवी रिव्हिजन निघायची. कुठल्यातरी कंपनीने नवीन मिश्रधातू काढला, म्हणजे वहिनींचं जाणं आणखी एक वर्ष पुढे. दर वेळी लाल सी आणि तोच शेरा. मी त्या फाइली जपून ठेवल्या. आमच्या कंपनीच्या कुठल्याही क्लायंटने इतकं सातत्य दाखवलेलं नाही.

मग एक दिवस मोहित्यांनी कमरेला वजन बाळगायची सवय करायची ठरवली. पंधरा औंसांचं मॉडेल पुढे होतं, म्हणजे चारशे पंचवीस ग्रॅम. यार्डातून दहा एमएमच्या प्लेटचा तुकडा कापून घेतला, नव्वद बाय साठ. कडा घासून गोल केल्या. तागडीवर एक ग्रॅम कमी भरला, म्हणून वर वेल्डिंगचे दोन ठिपके मारले. हा माणूस एका ग्रॅमसाठी वेल्डरच्या मागे अर्धा दिवस फिरला! मोच्याकडून चामड्याची पिशवी शिवून घेतली आणि तो ठोकळा उजव्या कमरेला अडकवला. तेव्हापासून ते कोपर चार बोटं लांब.

त्या वर्षी आमच्याकडे गणपतीची आरती. मोहिते नवा झब्बा-लेंगा घालून आले, कारण गावी सणावाराला तोच पोशाख असणार, तेव्हा त्यातही टेस्ट झाली पाहिजे. पिशवी नाडीला. "जय देव, जय देव" सुरू झालं, मोहिते मनापासून टाळ्या वाजवायला लागले. तिसऱ्या कडव्याला नाडीने जीव सोडला. ठोकळा फरशीवर असा आदळला की फरशीला तडा गेला, निरांजन हाललं, आणि मोहिते एका हाताने लेंगा धरून, दुसऱ्या हाताने मांडीवर टाळी वाजवत आरती पूर्ण करत राहिले. मी पुढे तोंड करून उभी होते म्हणून देवाला माझं हसू दिसलं, बाकी कुणाला नाही. प्रसाद घेताना ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "लेंगा फेल. रिमार्कात घालतो."

खोर फक्कानचं मात्र हसण्यावारी गेलं नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या त्या बंदरात आमच्या कंपनीने केलेल्या जिन्यांचं हँडओव्हर होतं. सही घ्यायला कागद घेऊन मी, मोजमाप दाखवायला मोहिते. गेटवर तपासणीच्या कमानीतून मी गेले, आवाज नाही. मोहिते गेले आणि कमान किंचाळली. तोवर माझ्याही लक्षात नव्हतं. गार्ड मल्याळी होता, वयाने मोहित्यांएवढाच. त्याने शर्ट वर करायला सांगितला. आत चामड्याची पिशवी, अगदी त्याच जागी, त्याच आकाराची. त्या गार्डचा चेहरा बदलला. दोन पावलं मागे सरून त्याने रेडिओ तोंडाला लावला.

डोळ्यांसमोर सगळं दिसलं: तुरुंग, डिपोर्टेशन, आणि जिप्समच्या भिंतीपलीकडे एकट्या वहिनी. अधिकारी आला, पिशवी उघडली, आतून लोखंडाचा चौकोनी तुकडा निघाला. त्याने तो उलटसुलट केला.

"ये क्या है?"

"वेट," मोहिते म्हणाले.

"किसका वेट?"

यावर मोहिते खिशातलं व्हर्नियर चाचपायला लागले. शेवटी मी पुढे झाले आणि म्हटलं, "सर, इनका कमर का प्रॉब्लेम है. डॉक्टर बोला, एक साइड वजन रखो." आयुष्यात इतकं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मोहित्यांच्या कोपराकडे पाहिलं. दीड तास आम्हाला एका खोलीत बसवलं, कंपनीला फोन केला, आणि मग तुकडा परत देत म्हणाला, "यल्ला, जाओ. दुबारा नहीं."

परतीच्या वाटेवर डोंगर संपले आणि मी फुटले. "लाज वाटते का काही? वहिनींचा विचार केलात? कोण मारायला टपलंय तुम्हाला? कोण आहे तो, नाव सांगा!" मोहिते काचेबाहेर बघत राहिले. बसल्या जागीही उजवं कोपर लांबच होतं.

साठी जवळ आली. साठनंतर व्हिसा वाढवणार नाही, असं कंपनीने कळवलं. आता तरी लायसनचा अर्ज भरणं भाग होतं. फॉर्म आणि मी, म्हणजे काम माझ्याकडेच आलं. आमच्याच डायनिंग टेबलवर बसून ते सांगत गेले, मी भरत गेले. नाव, पत्ता, शिक्षण, शस्त्राचा प्रकार. तिथे तर मला वेगळा कागद जोडावा लागला. मग शस्त्र कशासाठी हवं ते आलं. मी लिहिलं, स्वसंरक्षण. आणि कुणापासून धोका आहे, त्याचं नाव.

"लिहा," मी म्हटलं, "कोण?"

मोहित्यांनी व्हर्नियर काढलं, टेबलाची कड मोजली, परत ठेवलं. "तेवढं ऱ्हाऊ द्या."

"अहो, तेवढं राहिलं तर अर्ज बाद होईल. चौकशीला पोलीस गावात येणार, त्यांना काय सांगणार?"

"पोलीस गावात येनार?" ते एकदम म्हणाले. "मंजी त्याला जाऊन विचारनार?" आणि फॉर्म माझ्या हाताखालून ओढून, घडी घालून, घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी मेथी निवडायला माझ्याकडे बसल्या होत्या. मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, हसण्यासाठी नाही.

"संपत भावजी," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचे चुलतभाऊ. चौदा वर्षं झाली. आम्ही सुट्टीला गेलो होतो. देवळाचा सभामंडप नवा बांधलेला, काम भावजींनी बघितलेलं. सगळा गाव जमलेला. ह्यांनी काढला टेप, लावला ओळंबा, आणि म्हणाले, खांब दीड इंच आउट आहे. सगळ्यांच्या समोर. भावजींनी एक कानाखाली दिली." मेथीची काडी मोडून त्यांनी बाजूला टाकली. "गाव हसला, ताई. पोरं हसली. हे टेप गुंडाळत तिथंच उभे. दोन दिवस आधीच आम्ही परत आलो. तवापासून हे रिवॉलवर."

मला लाज वाटली. म्हणजे हा माणूस कुणाला मारायला नाही, पुन्हा एकदा त्या मंडपात उभं राहायला काहीतरी कमरेला शोधत होता, आणि मी चौदापैकी सात वर्षं त्याच्या जिवावर पोट धरून हसले. आणि खांब आउट होताच हो! मोहिते दीड म्हणाले तर तो दीडच असणार.

पुढच्या महिन्यात वहिनी एकट्या गावी जाऊन आल्या. आईला बघायला, असं सांगून. आल्या त्या दिवशी बॅगा न उघडता माझ्याकडे आल्या, दार लावून घेतलं.

"मी संपत भावजींकडं गेले. साखरेनं पाय गेलाय एक, खाटेवर असतात. म्हटलं, भावजी, ह्यांना यायचंय, पण तुम्ही मारलंत ते त्यांच्या मनातून जात नाही. तर माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, मी? दिगंबरला? कधी?"

"नाटक करत असेल," मी म्हटलं.

"नाही ताई. नाटक असतं तर बरं झालं असतं. त्यांना आठवतच नाही. म्हणाले, खांब वाकडा होता खरा, आता वर पत्रा बसत नाही, दिगंबरला म्हणावं लवकर ये आणि तेवढं मोजून दे."

मग मी म्हटलं, "सांगा की त्यांना. सुटले एकदाचे."

"वेड लागलंय का तुम्हाला?" वहिनी कधी एवढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या. "मारलेलं त्यांनी सोसलं. तो विसरला म्हणून कळलं तर हे मरतील. चौदा वर्षं कशात घालवली, असं होईल त्यांना."

त्या संध्याकाळी जिप्समच्या भिंतीतून मला सगळं ऐकू आलं. वहिनी सांगत होत्या, संपत भावजी घाबरलेत. गावात झालंय, की दिगंबर अबू धाबीहून काहीतरी कमरेला लावून येतोय. भावजींनी दोनदा विचारलं, वहिनी, खरं का? त्यावर वहिनींनी म्हणे एवढंच सांगितलं, त्यांचं त्यांना माहीत.

मग मोहित्यांचा आवाज आला, "दोनदा इचारलं?"

"दोनदा."

"मग घ्यायची गरजच काय," मोहिते म्हणाले. "त्याला वाटतंय तेवढं बास."

चार दिवसांनी शेवटची रिव्हिजन माझ्या टेबलावर आली. पर्यायांचे तिन्ही रकाने रेघ मारून रिकामे. खाली जाण्याची तारीख होती, विमान नंबर होता, अगदी सामानाचं वजनसुद्धा होतं. वहिनींनी लाल पेनाने ए काढला आणि शेरा लिहिला: "मंजूर. शर्ट बाहेरच ठेवावा."

निरोपाला विमानतळावर मीच गेले. दुपारचं विमान होतं. पार्किंगमध्ये मोहित्यांनी शर्टाखाली हात घालून पिशवी सोडवली आणि ठोकळा माझ्या हातात ठेवला. घामाने कोमट झाला होता. "अप्रूव्ह झाल्यावर सॅम्पल ऑफिसात ठेवायचं असतं, ताई. तुमच्या रेकॉर्डला लावा."

मी तो पर्समध्ये टाकला. हसायला काहीतरी बोलावं असं वाटलं, इतकी वर्षं तेच केलं होतं. पण मी नुसतं म्हटलं, "मोहिते, खांब अजून आउट आहे म्हणे. जाऊन मोजा."

"दीड इंच," ते म्हणाले. "मी तवाच सांगितलं हुतं."

आत फक्त प्रवाशांना सोडत होते, म्हणून मी काचेच्या अलीकडे थांबले. पर्सचा पट्टा खांद्यात रुतत होता. पलीकडे मोहिते चालले होते, शर्ट बाहेर, मान ताठ, आणि उजवं कोपर अंगापासून बरोब्बर चार बोटं लांब. वहिनी ट्रॉलीपाशी थांबल्या, वरची जड बॅग उचलली, क्षणभर नवऱ्याच्या उजव्या बाजूला उभ्या राहिल्या, आणि मग वळसा घालून पलीकडे जाऊन ती त्यांच्या डाव्या हातात दिली.